खताच्या काट्यावर आम्ही दोघी

मला कोणी धीराची म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी धीराची नव्हते. लबाड होते, चिडकी होते आणि भाकरीला घाबरत होते. यातलं शेवटचं आमच्याकडे कोणालाच पटत नाही. धाराशिवकडच्या आमच्या वाशीच्या आसपासची माणसं भाकरी मिळणार नाही म्हणून घाबरतात; ताटात आलेल्या भाकरीला कोण घाबरतं?

हे लिहायला बसले ते एका बाईमुळे. आता मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई, पोरगी खाईनाच झालीया. भाईरचं काय असंल का?" मी तिला अर्धा तास समजावत होते. ती नुसती मान हलवत होती, कारण मी तिला सगळं गोड करून सांगत होते. आता कडू सांगते. ज्याला झेपेल त्यानं वाचावं.

पथ्य

दहावीची परीक्षा झाली आणि मला कावीळ झाली. शेजारच्या गावातल्या झाडपाल्याचं औषध देणाऱ्या माणसानं कसली तरी मुळी दिली आणि सव्वा महिन्याचं पथ्य सांगितलं. तेल बंद, तिखट बंद, मीठ बंद. ताक, मुगाचं पाणी आणि अर्धी भाकरी. लोक असलं पथ्य आठवडाभर पाळतात आणि मग गुपचूप ठेचा खातात. मी नाही खाल्ला. सव्वा महिना कडक पाळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोठी बहीण, माझी आत्या, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच राहायची. ती आल्यागेल्याला सांगायची, "पथ्य पाळावं तर आमच्या शोभीनं. जिभंवर लई ताबा पोरीचा."

सव्वा महिना संपला, पण मी पथ्य सोडलं नाही. अर्ध्या भाकरीची चतकोर झाली, ताकात पाणी वाढत गेलं. का, असं लोक मला अजून विचारतात. कोणावर जीव होता का, कोणी काही बोललं का, मास्तरनं काही केलं का. काही नव्हतं. पोट रिकामं असलं की मला डोक्यात झाडलेल्या अंगणासारखं स्वच्छ वाटायचं, आणि घास गिळला की त्या अंगणात कोणी खरकटं फेकलंय असं वाटायचं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. ज्यांना गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरं दार बघावं.

घरात कोणाला कळलं नाही, कारण आमच्या घरात बायका जेवताना कोणी बघतच नाही. आधी आप्पा जेवायचे, मग आत्या. सगळं आवरलं की आई आणि मी चुलीजवळ भिंतीकडं तोंड करून बसायचो. बाईनं नवऱ्याच्या, थोरामोठ्यांच्या देखत घास तोंडात घालायचा नाही, ही आमच्याकडची रीत. दुरडीत किती भाकरी उरल्यात ते बघायचं आणि तेवढीच भूक आहे असं धरून चालायचं. मी म्हणायचे, "आई, तू घे, मला नको." आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे, सकाळी व्हईल." अशा दोन शहाण्या बायका चुलीपुढं बसून एकमेकींना भाकरी देत राहायच्या आणि भाकरी दुरडीतच राहायची.

आप्पा गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. आमच्या दारात दोन म्हशी होत्या. त्यातली एक जरी दोन दिवस खाईनाशी झाली असती, तर त्यांनी तिसऱ्या दिवशी सायकल काढून ढोरांचा डॉक्टर आणला असता. मी पाच महिने खात नव्हते.

संशय

महिन्याचे चार दिवस आमच्याकडे बाईनं बाजूला बसायचं. माझं हाडन् हाड दिसायला लागलं ते आत्याला दिसलं नाही. मी चार महिने बाजूला बसले नाही, हे मात्र तिनं बोटांवर मोजलं.

एका दुपारी तिनं मला गोठ्यामागं ओढलं. दंडाला धरून म्हणाली, "कुनाचं हाय त्ये सांग."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मला हसू आलं, आणि त्या हसण्यानं सगळा घात केला. आत्यानं आप्पांना हाक मारली. आप्पांनी मला पायातल्या चपलेनं मारलं. आई दारात उभी राहून रडत होती. तिनं मला सोडवलं नाही. हे मी विसरलेले नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

वाशीत दाखवलं तर गावाला कळेल, बार्शीत सोयरे, धाराशिवात आप्पांच्या ओळखी. म्हणून मला सोलापूरला न्यायचं ठरलं. हमरस्त्यावरून एस. टी. धरली. आप्पा पुढं एकटे बसले. मी आई आणि आत्याच्या मध्ये, पोलिसांनी धरलेल्या चोरासारखी. तुळजापूर आलं तसे आत्यानं खिडकीतून हात जोडले आणि आईला म्हणाली, "माग काय मागायचं त्ये."

दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, आवाज मोठा. त्यांनी आणि एका बाई डॉक्टरांनी मला तपासलं, रक्त घेतलं, लघवी तपासली. मग घरच्यांना आत बोलावून सांगितलं, "तुम्हाला वाटतंय तसलं काही नाही. मुलीला दिवस गेलेले नाहीत."

आई मटकन खाली बसली आणि डॉक्टरांच्या पायांना हात लावायला लागली. आत्यानं पदरानं डोळे पुसले. आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि विचारलं, "मंग निघावं का आमी?"

माझं मरण समोर ठेवलं होतं आणि आमच्या घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

डॉक्टर ओरडलेच. "निघता कुठं? सोळा वर्षांची मुलगी आणि एकोणतीस किलो वजन! नाडी चाळीसवर आलीय. अशीच घेऊन गेलात तर पुढच्या वेळी ही चालत येणार नाही, चौघांना आणावी लागेल. हा आजार आहे. नाटक नाही, बाहेरचं नाही. हिच्या मनानं खाणं बंद केलंय आणि आता तिला ते चालू करता येत नाहीये."

आत्याला हे पटलं नाही. "ह्यो कसला आजार, डाक्टर? बहात्तरच्या दुष्काळात आमी पाला शिजवून खाल्ला. खडी फोडायच्या कामावरची सुकडी खाल्ली, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. आन् हिला घरची जवारी टोचती?"

हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की दुष्काळ मीच पाडला होता असं मला वाटायला लागलं. तुमच्या घरात अशी मुलगी असेल तर एवढं करा, तुमचा दुष्काळ तिला ऐकवू नका. त्यानं तिचं पोट भरत नाही, तुमचं मात्र भरतं.

नळी

तीन आठवडे मी तिथं होते. पहाटे फिनेलचा वास, मग चहा, मग काखेत थर्मामीटर, मग ताट. मी ताटाला हात लावायचे नाही. दुसऱ्या दिवशी नाकातून नळी घातली आणि त्यातून दूध-साखर सोडायला लागले. रात्रीतून मी ती उपसून काढली. सकाळी सिस्टरनं पुन्हा घातली आणि माझे हात बँडेजनं खाटेला बांधले. ती बांधताना पुटपुटत होती, "खायला घरात असून ही थेरं." मी तिला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्यानंच मला झोप लागली.

शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक म्हातारी होती. तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं, मला कानडीचा गंध नव्हता. माझे पाय कायम गार पडलेले असायचे. ती आपली घोंगडी न विचारता माझ्या पायांवर टाकायची, आणि माझं ताट आलं की भिंतीकडं तोंड करून पडायची. तीन आठवड्यांत तिनं मला एकही उपदेश केला नाही. त्या वॉर्डात मला आवडलेलं ते एकच माणूस.

डॉक्टरांचा हुकूम

बत्तीस किलो झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा चौघांना समोर बसवलं. "अशा मुली इथं चार किलो वाढतात आणि घरी जाऊन पाच किलो उतरतात," ते म्हणाले. "त्यामुळं आता घर हाच दवाखाना. चूक कोणाची ते मला नको. औषध म्हणजे जेवण, आणि ते देणारे तुम्ही. दिवसातून चार वेळा चौघांनी एकत्र जेवायला बसायचं. हिच्या एका बाजूला आई, एका बाजूला वडील. तुमच्या ताटात जे, तेच हिच्या ताटात. ही संपवेपर्यंत कोणी उठायचं नाही. मारायचं नाही, हातापाया पडायचं नाही. दर आठवड्याला वजन करा. महिन्यानं छत्तीस भरलं नाही तर परत नळी, आणि तोवर हृदय टिकलं तर."

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. आमच्या लोकांनी त्याचं काय केलं ते ऐका.

येताना एस. टी. मध्येच आत्यानं निकाल दिला. "एकत्र बसा म्हनं! डाक्टरला काय, त्येला रीतभात न्हाय. माज्या भावाच्या म्होरं त्येची बायकू भाकर मोडनार? मंग काय ऱ्हायलं?" आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ठरलं ते असं: बसायचं सगळ्यांनी, जेवायचं मात्र मी एकटीनं. मी उठले की मग आप्पा, मग आत्या, मग आई भिंतीकडं तोंड करून. डॉक्टरांचा शब्द राहिला आणि घराची रीतही राहिली.

म्हणजे दिवसातून चार वेळा तीन माणसं माझ्याभोवती रिकाम्या हातांनी बसायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. पाव्हण्यांपुढं दाखवायला बसवलेल्या मुलीसारखी मी खाली मान घालून बसायचे. आप्पा दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "आनकी एक घे." आत्या दुष्काळ सांगायची. एका जेवणाला दीड-दोन तास जायचे. बाकीच्यांचं जेवण तोवर थांबलेलं, म्हणून सगळे भुकेनं वैतागलेले, आणि त्या भुकेचं खापरही माझ्यावरच. मला ती तिन्ही माणसं मरावीत असं वाटायचं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. ज्यांनी असं घर पाहिलंय त्यांनाही वाटणार नाही.

डिग्री

उघड हरल्यावर मी चोरून जिंकायला लागले. भाकरीचे तुकडे परकराच्या ओच्यात, तिथून म्हशीच्या दावणीत. रोज सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध प्यायचं होतं. ते मी स्वयंपाकघरातून स्वतःच घेऊन यायचे, येता-येता अर्धं मडक्यात ओतून वर पाणी घालायचे.

पण माझा बाप दूध सोसायटीचा सेक्रेटरी. बारा वर्षं त्यांनी लोकांच्या दुधातलं पाणीच तर पकडलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातातला पेला बघितला, उठले, सोसायटीतून काचेची नळकांडी आणि दुधातलं पाणी दाखवणारा लॅक्टोमीटर, आमच्याकडची 'डिग्री', घेऊन आले. माझं दूध त्यात ओतलं आणि डिग्री लावली. लॅक्टोमीटर पार तळाला गेला.

"निम्मं पानी हाय," आप्पा म्हणाले. आवाज अगदी सोसायटीतला, रांगेतल्या गवळ्याशी बोलावा तसा. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पेल्याला डिग्री लागायला लागली. गावभर कळलं. पाणवठ्यावर बायका मला बघून म्हणायच्या, "डिग्रीवाली आली बगा."

काटा

वजन करायला गावात एकच काटा होता, विकास सोसायटीच्या गोदामातला, खताची पोती मोजायचा. दर सोमवारी दुपारी गोदाम रिकामं असताना आप्पा मला आणि आईला घेऊन जायचे. युरियाच्या वासात, लोखंडी फळीवर अनवाणी उभं राहायचं. तिथला कारकून वजनं सरकवायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा, पोत्याचा वाचावा तसा. पहिल्या सोमवारी बत्तीस. दुसऱ्या सोमवारी बत्तीस. तिसऱ्या सोमवारी साडेबत्तीस.

महिना भरत आला. परत नळी नको होती आणि भाकरीही नको होती. चौथ्या सोमवारी मी घरातलं धान्य तोलायचं दोन किलोचं लोखंडी वजन फडक्यात गुंडाळून परकराच्या आत मांडीला बांधलं, वर दीड तांब्या पाणी प्याले, आणि गेले.

"छत्तीस," कारकून म्हणाला.

आप्पांचा चेहरा उजळायला हवा होता. पण त्यांची नजर दुधात पाणी शोधणारी. एका आठवड्यात साडेतीन किलो त्यांना पटेना. माझ्यावर संशय घेण्याआधी त्यांनी काट्यावर घेतला. "काटा बिघडलाय ह्यो," ते म्हणाले, आणि आईकडं वळले. "तू हुबी ऱ्हा बगू."

आई आधी लाजली. मग चपला काढून फळीवर चढली. कारकुनानं वजनं सरकवली, पुन्हा सरकवली.

"पस्तीस."

"सांगितलं न्हाय का, बिघडलाय म्हनून!" आप्पा म्हणाले. "पस्तीस कसं भरंल? दोन पोरांची आई हाय ती." माझा मोठा भाऊ तेव्हा लातूरला शिकायला होता.

कारकुनाला काट्याचा अपमान सहन झाला नाही. त्यानं युरियाचं बंद पोतं ओढत आणलं आणि फळीवर टाकलं. काडी बरोबर मध्ये येऊन थांबली. "पन्नास. बगा, आप्पा. काटा बरुबर हाय."

आप्पा पोत्याकडं बघत राहिले, मग आईकडं. आई चपला शोधत होती. मी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं असेल. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. पोलक्याच्या बाह्या लोंबत होत्या. कावीळ नाही, पथ्य नाही, दवाखाना नाही. उरलं तर जेवायची, नाही उरलं तर नाही. माझ्या आजाराला सोलापूरच्या डॉक्टरांनी नाव दिलं होतं. तिचं मोजायलासुद्धा काटा बिघडल्याचा संशय यावा लागला.

परत येताना आप्पा पुढं चालत होते. आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "त्ये वजन सोड आता मांडीचं. लंगडलालीस."

तिला सकाळपासून माहीत होतं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून? मारलं असतं त्येनी."

आत्याला त्या काट्यावर कोणी चढवलं नाही. नवरा वारल्यापासून ती दिवसातून एकदाच जेवायची. तिचं काय भरलं असतं, याचा विचार मी आजही टाळते.

मी बरी झाले, त्याला पुढं दोन वर्षं लागली. त्या महिन्यात छत्तीस भरलं नाहीच, डॉक्टर ओरडले, पण नळी पुन्हा लागली नाही, कारण आकडा हळूहळू चौतीसवर गेला आणि तिथून खाली आला नाही. मधे दोनदा मी पुन्हा चोऱ्या केल्या. कोणी म्हणेल की आईला बघून माझं काळीज हललं आणि मी सुधारले. तसं काही झालं नाही. झालं ते असं.

ताट

घरी पोचलो तेव्हा आत्यानं माझं ताट वाढून ठेवलं होतं. दीड भाकरी, वांग्याचं कोरड्यास, दूध. तिघं रोजच्यासारखी बसली. मी ताट पुढं सरकवलं.

"आईला वाढा," मी म्हणाले. "ती इथं आप्पांच्या समोर जेवली तर मी जेवते. नाही तर हात लावणार नाही."

हे मी दयेनं बोलले नाही. मला खात्री होती की आई बसणार नाही. आप्पांच्या समोर, आत्याच्या देखत, भर दुपारी ती घास मोडणं शक्यच नव्हतं. मला एक कायमचं कारण सापडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तर सांगायचं, मी तयार होते, हेच बसले नाहीत. माझ्या आजाराची अक्कल अशी तेज होती.

"जीब बगा हिची!" आत्या म्हणाली. "आईला बाटवाया निगाली."



आई उठली. मला वाटलं, पाणी आणायला उठली. तिनं फळीवरून एक ताट काढलं, पदरानं पुसलं, दुरडीतल्या दोन भाकरी त्यात ठेवल्या आणि कोरड्यास वाढून घेतलं. "वन्सं, सरका जरा," ती म्हणाली, आणि भिंतीकडं पाठ करून, आप्पांकडं तोंड करून बसली.

"अगं, त्यो जेवला न्हाय अजून!" आत्या किंचाळली.

आईनं भाकरी मोडली. आत्या ताडकन उठली आणि ओट्यावर जाऊन बसली. तिथून तिचं बोलणं चालूच राहिलं, पण इकडं कोणी ऐकत नव्हतं. आई भराभर जेवत होती, मान खाली, घासावर घास. पहिली भाकरी संपली, दुसरी निम्मी झाली. मी आणि आप्पा तिच्याकडं बघत होतो. त्या महिन्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं कोणी बघत नव्हतं.

आप्पांनी दुरडी तिच्याकडं सरकवली. घसा खाकरून म्हणाले, "आनकी एक घे."

आईचा हात थांबला.

"आज इचारताय व्हय?" ती म्हणाली. "वीस वर्सं झाली लग्नाला. वीस वर्सं म्या ह्या घरात जेवतीया का न्हाय, कुनी मागं वळून बगितलं न्हाय. पोरगी मराया टेकली तवा, त्या खताच्या पोत्यासंगं मला मोजली, आन् आज इचारताय?"



तिनं दुरडीतून भाकरी घेतली. अर्धी नाही, अख्खी. मग तिचं लक्ष माझ्या ताटाकडं गेलं. त्यात अजून काही हललेलं नव्हतं.

"बोललीस ना? जेव मंग," ती म्हणाली. "म्या आता हितनं उठनार न्हाय."

मी हरले होते. माझाच डाव तिनं उचलून माझ्यापुढं वाढला होता. मला भयंकर राग आला. त्या रागातच मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात कोंबला, मग दुसरा. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी वर बघितलं, निदान तिनं बघावं म्हणून.

आई माझ्याकडं बघत नव्हती. तिला भूक लागली होती, आणि ती जेवत होती.